ठराव कसा मिळवायचा, त्याआधी गावात कधी जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका कन्सल्टन्सीत काम करणाऱ्या तरुण सिव्हिल इंजिनिअरकडे गडचिरोली जिल्ह्यातला एक डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, आहे. सहा टोल्यांना (लहान वस्त्यांना) जोडणारा ११ किलोमीटरचा रस्ता, वाटेत दोन नाले, आणि एका जुन्या बोडीची (लहान तळ्याची) दुरुस्ती. अलाइनमेंट (रस्त्याची रेषा) ठरली, अंदाजपत्रक तयार झालं, सरपंचांचं ना हरकत पत्र मिळालं, पण ग्रामसभांचे ठराव अडकलेत. ते लवकर कसे मिळवायचे? आणि 'आदिवासी गावांशी भागीदारीत काम' असं निविदेत लिहिलंय, म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय?

मी २७ वर्षं हेच काम करते आहे, बहुतेक गडचिरोली आणि चंद्रपुरात, थोडं मेळघाटात. छोटे रस्ते, मोऱ्या, पूल, पाण्याच्या योजना, तलाव. म्हणून जरा लांबण लावून उत्तर देते.

तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांपाशी मी थांबले. "अलाइनमेंट ठरली." कोणी ठरवली? टोपोशीट (उंचसखल दाखवणारा सरकारी नकाशा), उपग्रहाचं चित्र, आणि डिसेंबरात जीपमधून मारलेली एक चक्कर, एवढ्यावरच ना? मीही अशा रेषा ओढल्या आहेत. रेषा ओढून झाल्यावर गावात गेलं की आपल्याजवळ विचारायला एकच गोष्ट उरते, 'हो म्हणा'. ज्यांना फक्त 'हो' म्हणायची मुभा आहे ते लोक गप्प बसतात, बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलतात, रजिस्टर अध्यक्षांच्या घरी आहे आणि अध्यक्ष बाहेरगावी आहेत असं सांगतात. तुम्हाला वाटतं ठराव अडकलाय. गावाने त्यांचं उत्तर तुम्हाला केव्हाच दिलं आहे.

आधी कायद्याचं आटपते, कारण पहिली चूक तिथेच झाली आहे. गट ग्रामपंचायतीत पाच-सहा गावं असतात, सरपंच त्यांतल्या एका गावचे. त्यांचं पत्र किंवा ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव होत नाही. अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि महाराष्ट्राचे त्याखालचे नियम मार्च २०१४ चे. त्या नियमांप्रमाणे एखाद्या टोल्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं. तेव्हा तुमच्या सहा टोल्यांपैकी किती जण आज स्वतःची ग्रामसभा भरवतात, हे पंचायत समितीत जाऊन आधी विचारा. वनहक्क कायद्याच्या कामासाठी ग्रामसभा भरली तर निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. २०१२ च्या दुरुस्तीने तसं ठरलं आहे. दहा-बारा पुरुषांच्या सह्यांचा कागद घेऊन याल तर तो पुढे कोणत्याही टेबलावर नामंजूर होईल, आणि व्हावाच.

जंगलातून जाणाऱ्या तुकड्यासाठी सगळे जण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) कडे बोट दाखवतात. रस्ता, शाळा, अंगणवाडी, तलाव, पिण्याच्या पाण्याची वाहिनी अशा १३ सोयींसाठी वनजमीन वापरायची ती सोपी वाट आहे. पण दर कामाला १ हेक्टरच्या आत, हेक्टरी जास्तीत जास्त ७५ झाडं तोडून, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. हिशोब करून बघा. रस्त्याच्या माथ्याची, म्हणजे भरावाच्या वरच्या सपाट भागाची, रुंदी साडेसात मीटर धरली तर १ हेक्टरात १,३३३ मीटर रस्ता बसतो. तुमच्या ११ किलोमीटरांपैकी चारच जंगलातून असले तरी ३ हेक्टर झाले. मग एकाच रस्त्याचे तीन-चार तुकडे करून तीन-चार प्रस्ताव पाठवायचा सल्ला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. एवढी जमीन लागत असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली रीतसर प्रस्ताव करा, वेळ लागेल तेवढा लागू द्या. नाहीतर रस्त्याची माथ्याची रुंदी कमी करता येते का, जुनी बैलगाडीची वाट धरता येते का, ते गावाबरोबर चालून बघा.

आणखी एक कागद तुमच्यापुढे ठेवला जाईल. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं ५ फेब्रुवारी २०१३ चं पत्र. रस्ता, कालवा, वाहिनी अशा लांबट कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिल्याचं ते पत्र. त्याच पत्रात अपवादही आहे. आदिम (सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या) जमातींच्या मान्य हक्कांना बाधा येत असेल तर ही सूट लागू नाही. महाराष्ट्रात अशा जमाती तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. तुमचे टोले भामरागड-एटापल्लीकडचे, म्हणजे माडिया गोंडांच्या भागातले, असतील तर पुढचं सांगायला नको. आणि कायद्याने सूट आहे म्हणून न विचारता रस्ता काढला, तर त्या रस्त्याची पहिली मोरी तुंबेल तेव्हा काढायला कोण येईल, हेही मनात धरा.

आता कामाचं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सर्व्हे पथकात होते. टोपोशीटवर 'खुरटी झुडपं' दिसणारा एक मोकळा उंचवटा आम्हाला मोजणीचं यंत्र लावायला फार सोयीचा वाटला. तिथे काही उभे दगड होते. आमच्यातल्या एकाने दोन दगड आडवे करून त्यांवर तिपाई नीट बसवली. ते दगड गावातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले होते. दुपारी गाव आलं. कोणी हात उचलला नाही, कोणी ओरडलं नाही. एक म्हातारी त्या आडव्या दगडाजवळ बसली आणि रडायला लागली. त्या गावात आमच्या कंपनीला नंतर कधीच काम करता आलं नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. दगड परत उभे करायलासुद्धा आम्हाला हात लावू दिला नाही. त्यांनी त्यांच्या रीतीने केले.

तेव्हापासून माझा नियम आहे की पहिल्या फेरीत एकही यंत्र गाडीतून उतरवायचं नाही. ना टोटल स्टेशन, ना जीपीएस. ड्रोन तर नाहीच. या जिल्ह्यात ड्रोन उडवायला पोलिसांना विचारावंच लागतं, पण डोक्यावर काहीतरी घिरट्या घालतंय हे बघून लहान पोरं घरात पळतात, तेही बघा. पहिल्या फेरीत फक्त चालायचं. गावाचे पाटील, भूमिया किंवा गायता, जे कोणी तिथे मानाचे असतील त्यांना भेटायचं, आणि विचारायचं की आम्ही कुठून चालू नये. 'देव कुठे आहे ते नकाशावर दाखवा' असं म्हणू नका. देवाची जागा नेमकी कुठे आहे हे आपल्याला माहीत असायची गरज नाही. 'या बाजूला येऊ नका' एवढं सांगितलं की पुरे, आणि आपल्या ड्रॉइंगवर ती बाजू कोरी ठेवायची, का कोरी ते लिहायचं नाही. औषधी झाडांच्या जागांचंही तेच.

झाडांचं मात्र सविस्तर विचारा. कायदा हेक्टरी ७५ झाडं मोजतो. गाव झाडं अशी मोजत नाही. जंगलात उभा असलेला मोह कागदावर वनविभागाचा असतो, पण कोणत्या मोहाखालची फुलं कोणत्या घराने वेचायची हे पिढ्यांपासून ठरलेलं असतं. आजोबांनी नातीला दिलेली झाडं असतात. मार्च-एप्रिलात पहाटे त्या झाडाखाली वेचलेला मोह म्हणजे त्या घराच्या हातात येणारा रोख पैसा. झाडं तोडायच्या यादीत तुम्ही 'मोह, घेर १८० सेंमी, १ नग' असं लिहिता तेव्हा कोणाचं तरी उत्पन्न खोडत असता, आणि त्याची भरपाई द्यायला कोणताही तक्ता नाही. माझ्या एका रस्त्यात १४ मोह वाचवायला मध्यरेषा दोन ठिकाणी वळवावी लागली. लांबी १६० मीटरने वाढली. खर्च वाढल्याबद्दल वरून विचारणा झाली, मी कारण लिहून दिलं, मान्य झालं. कारण लिहून देणं हे आपल्या हातात असतं.

आता नाल्याकडे येते, कारण भागीदारी हा शब्द मला तिथे कळला.

आपण सर्व्हे करतो डिसेंबर ते मे. म्हणजे नाला आपल्याला नेहमी कोरडा किंवा घोटाभर पाण्याचा भेटतो. मग पुराचा विसर्ग काढायला डिकन्सचं सूत्र लावतो: पाणलोटाच्या क्षेत्रफळाचा पाऊण (०.७५) घात गुणिले एक गुणांक. त्या गुणांकाला इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत वर्षाला ६०० ते १२०० मिमी पावसाच्या भागासाठी ११ ते १४ असा पल्ला आहे, आणि १२०० मिमीच्या वर १४ ते १९. गडचिरोलीचा पाऊस बहुतेक ठिकाणी १२०० च्या वर. पण ऑफिसात बसलेला माणूस काय करतो? १४ धरतो, कारण १४ दोन्ही पल्ल्यांत बसतो आणि पूल स्वस्त होतो. मीही धरला होता. पाणलोट १० चौरस किलोमीटर होता. १४ धरलं तर विसर्ग येतो सेकंदाला साधारण ७९ घनमीटर. १९ धरलं तर १०७. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत अख्खा रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) वाहून जातो.

आमचं ड्रॉइंग घेऊन मी तिथे पोचले, आणि पूरपातळीची तांबडी रेघ दाखवली. एक म्हातारे बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे तं दरसालचं पानी होय. मोठं पानी आलं तं त्या आंब्याच्या खांदीले लाकडं अडकते." आंबा काठापासून बराच आत होता. फांदी माझ्या डोक्याच्या वर. मी विचारलं किती वेळा असं झालं? त्यांनी साल सांगितलं नाही. थोरली लेक पोटात होती तेव्हा एकदा, आणि धाकट्या पोराच्या लग्नाच्या वर्षी एकदा, असं सांगितलं. लेकीचं आणि पोराचं वय विचारून आम्ही वर्षं काढली आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीशी लावून बघितली. दोन्ही वर्षं जोराच्या पावसाची निघाली.

मग आम्ही त्या फांदीपासून लेव्हल (उंचीचं माप) घेतली, नाल्याचा छेद तिथपर्यंत मोजला, उतार घेतला, आणि क्षेत्रफळ-वेग पद्धतीने विसर्ग काढला. छेद ४२ चौरस मीटर, वेग सेकंदाला अडीच मीटर. म्हणजे १०५. सूत्रातला १९ आणि बाबांची फांदी एकाच जागी आले. हे काही नवल नाही. संहितेतच लिहिलं आहे की काठावरच्या लोकांना विचारून पुराच्या खुणा शोधा आणि सूत्राचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा. आपण ते वाक्य वाचतो आणि पुढच्या तक्त्याकडे जातो.

त्याच बाबांनी दुसरी गोष्ट सांगितली. पुरात पाण्याबरोबर बांबू आणि अख्खी खोडं वाहत येतात. ९०० मिमीचे सिमेंटचे पाइप ओळीने टाकलेला रपटा पहिल्याच मोठ्या पुरात बुजतो, मग पाणी बाजूचा भराव कापून नवी वाट काढतं, आणि रपटा एकटा नाल्याच्या मधोमध उभा राहतो. असे रपटे तुम्हाला या भागात जागोजाग दिसतील. आम्ही पाइप काढून तीन गाळ्यांची पेटी मोरी (चौकोनी, रुंद तोंडाची) केली, गाळा ४ मीटरचा, आणि वरून पाणी गेलं तरी भराव टिकावा म्हणून दोन्ही बाजूंना दगडी अस्तर. अंदाजपत्रक वाढलं. त्या अंदाजपत्रकासोबत जोडलेल्या टिपणात मी पूरपातळीचा आधार म्हणून त्या आंब्याचं छायाचित्र आणि ग्रामसभेने दिलेली माहिती असं स्पष्ट लिहिलं. माहिती त्यांची होती, म्हणून श्रेय त्यांच्या नावावर.

धानाच्या बांध्यांचं (बांध घातलेल्या भातखाचरांचं) असंच आहे, आणि तिथे नुकसान जास्त होतं कारण ते हळूहळू होतं, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या भागात, पाणी बांधीतून बांधीत उतरत जातं. त्याला पाट नसतो, नाला नसतो, धुऱ्यात (बांधात) ठेवलेली एक खाच असते, बस. सर्व्हेच्या नकाशावर तिथे 'शेती' एवढंच असतं. आपण त्यावरून मीटरभर उंचीचा भराव नेला की रस्त्याच्या वरच्या अंगाची बांधी सडते आणि खालच्या अंगाची सुकते. एका रस्त्यावर आमच्या ड्रॉइंगमध्ये ६ किलोमीटरला १४ मोऱ्या होत्या. ऑगस्टमध्ये, रोवणी (भाताची लावणी) उरकल्यावर, मी गावातल्या चौघांबरोबर छत्री घेऊन ती सगळी लांबी चालले. प्रत्येक ठिकाणी त्यांनी पाय थांबवून दाखवलं की इथून पाणी उतरतं. मोजलं तर २३ ठिकाणं. त्यातली बरीच ६०० मिमीच्या एका पाइपाने भागणारी होती. नऊ जादा मोऱ्यांनी अंदाजपत्रक फारसं वाढलं नाही. त्या नसत्या तर खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पहिल्याच पावसाळ्यात भराव फोडला असता, आणि मग आपण म्हणालो असतो की गावाला रस्त्याची किंमत नाही.

म्हणून पावसात एकदा तरी चाला. बाकी फेऱ्या कोणत्या दिवसांत करायच्या तेही गावाच्या पंचांगाने ठरवा. मार्च-एप्रिलात पहाटे मोह, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैत रोवणी, मळणीचे दिवस, जत्रा. तेंदूच्या हंगामात जे काही पंधरवडाभर काम चालतं त्यात वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा असतो, तेव्हा बैठक बोलावणं म्हणजे लोकांच्या मजुरीवर पाय देणं. मळणी झाली की मोहापर्यंतचे दोन महिने चांगले, पण तेव्हाही दिवस आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या. बहुतेक वेळा रात्री जेवणं झाल्यावर भरते सभा. मुक्काम करायची तयारी ठेवा.

दुभाषाबद्दल जरा काळजी घ्या. ठेकेदाराचा माणूस नको, वनरक्षक नको, पक्षाचा कार्यकर्ता नको. गोंडी किंवा माडिया बोलणारी, गावाने सुचवलेली व्यक्ती घ्या, आणि तिला दिवसाचे पैसे द्या. शक्य असेल तर दोन माणसं, एक बाई आणि एक पुरुष.

बायकांचं मला वेगळं सांगायचं आहे. एका टोल्यात सौर पंपाची टाकी आणि नळ कुठे बसवायचा, यावर सभेत पुरुषांनी जागा सांगितली, गोटुलाजवळची, म्हणजे गाव एकत्र जमतं त्या घराजवळची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मुक्कामाला होते, सकाळी बायकांबरोबर पाण्यावर गेले, तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "नळ तिथं बसवला तं पाळीच्या दिवसात आमाले पानी कोन आनून देईन?" पाळीच्या दिवसांत त्या गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात, आणि तिथून गोटुलाकडे जाता येत नाही. कुर्माघराबद्दल माझं स्वतःचं मत अगदी स्पष्ट आहे, ती पडकी खोपटी मला अस्वस्थ करते. पण ती रीत बदलायची की नाही हा वाद त्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी घालायचा आहे, काही गावांत तो सुरूही झालाय. माझ्या हातात होती ती पाइपाची लांबी. आम्ही ७० मीटरची एक फाटा वाहिनी जादा टाकली आणि कुर्माघराजवळ एक नळ दिला. सभेत तो 'दुसरा नळ' म्हणून मंजूर झाला, कारण कोणी विचारलं नाही आणि बायकांना ते बोलून दाखवायचं नव्हतं. तुमच्या पथकात एकही बाई नसेल तर अशी गोष्ट तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि एक प्रश्न तुम्हाला हमखास येईल, त्याला खरं उत्तर द्यायची तयारी करून जा. "हा रस्ता कोनासाठी?" या जिल्ह्यात तो प्रश्न साधा नाही. खाण, ट्रक, कॅम्प, या सगळ्याच्या आठवणी त्याच्यामागे आहेत. सुरजागडच्या ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची जत्रा भरते तिथूनच लोहखनिज निघतं, आणि एटापल्लीकडचा प्रत्येक माणूस रस्त्याकडे त्या डोंगराच्या बाजूने बघतो. 'विकासासाठी' असं गुळगुळीत उत्तर देऊ नका. आकडे सांगा. आपला ग्रामीण रस्ता हलक्या वाहतुकीसाठी असतो, कमी वाहतुकीच्या रस्त्यांची संहिता रस्त्याच्या आयुष्यात प्रमाण आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) २० लाख फेऱ्यांपर्यंतच जाते, आणि प्रमाण आस म्हणजे ८.१६ टन भाराचा आस. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होते. हे मी सभेत खडूने जमिनीवर लिहून दाखवलं आहे, आणि लोकांना ते कळतं, बैलगाडीत किती भरलं की चाक रुततं हे त्यांना माहीत असतं. त्या सभेने ठरावात अट घातली की या रस्त्यावर जड खनिज वाहतूक होणार असेल तर पुन्हा ग्रामसभेपुढे यावं लागेल. मी ती अट डीपीआरच्या डिझाइनच्या प्रकरणात शब्दशः घेतली, डिझाइन भार का तेवढा धरला याचं कारण म्हणून. ती अट पुढे कोण किती पाळेल हे माझ्या हातात नाही, पण कागदावर ती आहे.

ठराव सहसा असाच येतो, अटींसकट, आणि ते चांगलं लक्षण आहे. मुरूम आम्ही दाखवू तिथूनच काढा. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या परवान्याला ग्रामसभेची शिफारस पेसानेच लागते, म्हणजे ही काही त्यांची मेहेरबानी नाही. आणि त्यातून भलं होतं. एका गावाने आम्हाला मुरूम अशा खोलगट जागेतून काढायला लावला की काम संपल्यावर तिथे बोडी झाली. आम्ही फक्त खड्ड्याच्या बाजू उतरत्या ठेवल्या, जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून, आणि सांडवा काढून दिला. तुमच्या बोडीच्या दुरुस्तीतही यंत्राने खरवडून खोल करायची घाई करू नका. तळाचा चिकणमातीचा थर फुटला की बोडी पाणी धरत नाही. कुठला गाळ काढायचा, कुठली झुडपं मासोळीसाठी ठेवायची, ते तिथे मासे धरणाऱ्यांना विचारा.

भागीदारी म्हणजे काय, याचं माझं उत्तर पैशापासून सुरू होतं. तुमच्या फीमध्ये गावाच्या बैठकांचं, मुक्कामाचं, दुभाष्याचं, सर्व्हेत साखळी आणि मोजणीची काठी धरणाऱ्या गावातल्या पोरांचं एकही कलम नसेल, तर भागीदारी निविदेतच राहील. मी ते वेगळं कलम म्हणून दाखवते. मजुरी रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी नाही, आणि जे ग्रामसभेला द्यायचं ते ग्रामसभेच्या खात्यात, पावती घेऊन, कोणा एकाच्या हातात नाही. पहिल्याच सभेत सांगायचं की माझी फी कोण देतं. आपल्याला पैसे विभाग देतो, गाव नाही. हे लपवलं तर गाव ते शोधून काढतंच.

नकाशे आणि मोजमापं परत द्या. मराठीत, मोठ्या कापडावर छापून, गावाने सांगितलेली नाल्यांची आणि टेकड्यांची नावं त्यावर घालून. सोबत सगळ्या लेव्हलची फाइल. गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, त्यांना स्वतःचे आराखडे करायचेत, आणि तुमच्या एका फाइलने त्यांचा वर्षाचा सर्व्हे वाचतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं उदाहरण सगळे देतात, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे. मला त्या गावातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत विषय खुला राहतो, आणि त्याआधी अभ्यास गटात तो विषय चर्चेला येतो. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका त्यांच्या हातात आली. बांबू आणि तेंदूच्या पैशावर उभ्या असलेल्या अशा ग्रामसभा आता स्वतः इंजिनिअर नेमू शकतात. माझी गेल्या काही वर्षांतली दोन कामं थेट ग्रामसभेची होती. माझं बिल सभेत मोठ्याने वाचलं गेलं, एका मुलाने एका बैठकीचा प्रवास खर्च दोनदा लावला आहे हे दाखवून दिलं, आणि मी तो काढला. इतकी नीट तपासणी माझ्या बिलाची कोणत्याही विभागात झाली नाही.

आणि 'नाही' मिळालं तर? मिळू शकतं. ओडिशात नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, आणि १२ च्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तुमचा रस्ता म्हणजे खाण नाही, बहुतेक टोल्यांना रस्ता हवा असतो, पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडणाऱ्या लोकांना रस्त्याचं महत्त्व तुम्ही सांगायला नको. म्हणून नकार आला तर तो बहुधा तुमच्या या रेषेला असतो. सहापैकी एका टोल्याने नाही म्हटलं तर त्या टोल्याला बाजूला ठेवून बाकी पाचांचा रस्ता डिझाइन करा, जोड रस्त्याची जागा सोडून ठेवा, आणि विभागाला लेखी कळवा की सहावा टोला का नाही. जबरदस्तीने जोडू नका. माझ्या एका कामात असा सुटलेला टोला चार वर्षांनी स्वतः अर्ज घेऊन आला, आणि त्यांनी जी वाट दाखवली ती माझ्या जुन्या रेषेपेक्षा ६०० मीटरने कमी होती.

आता तुमच्यापुढे काय आहे. अंदाजपत्रक परत घ्या, किंवा निदान वरिष्ठांना सांगा की ते तात्पुरतं आहे. ग्रामसभांना पत्र लिहा, ठराव मागणारं नाही, भेटीची वेळ मागणारं, आणि त्यात लिहा की रेषा बदलू शकते. सहाही टोल्यांत एकेक रात्र मुक्काम करा. दोन्ही नाल्यांवर म्हातारी माणसं कुठे बोट दाखवतात ते लेव्हल घेऊन लिहून ठेवा. मोह सुरू व्हायच्या आत दोन फेऱ्या होतील. मग मध्ये थांबा, आणि ऑगस्टमध्ये बांध्यांतून एकदा चालून या. सप्टेंबरात ड्रॉइंग दुरुस्त करून परत सभेपुढे ठेवा, ठराव त्यांना त्यांच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या शब्दांत लिहू द्या. मुदत वाढवून मागावी लागेल. पत्राचा मसुदा करताना अडलं तर मला पाठवा, मी वाचून देते.